ल्युपसमध्ये हृदयाभोवती पाणी: कोल्चिसिन एकदा की दोनदा?

मखमलाबादकर
बहीण, वय 29, वजन 54 किलो, चार वर्षांपासून ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार). आडवं झालं की छातीत टोचतं, पुढे वाकून बसलं की उतरतं. इकोत (हृदयाची सोनोग्राफी) 8 मिमी पाणी. पेरिकार्डायटिस (हृदयाच्या आवरणाला सूज) म्हणून प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) 20 मिग्रॅ आणि सूज उतरवणारं कोल्चिसिन 0.5 मिग्रॅ दिवसातून एकदा चालू आहे. नेटवर कोल्चिसिन दोनदा आणि आधी आयबुप्रोफेन असं दिसतं. डोस कमी पडतोय का? चैत्रात सप्तशृंगगडाच्या पायऱ्या चढवायच्या का?

गोदाकाठ
डोस बरोबर आहे. 70 किलोच्या आत असलेल्याला कोल्चिसिन एकदाच देतात, साधारण तीन महिने. जुलाब लागले तर लगेच कळवा. आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सोबत चालतच नाही, कोल्चिसिन रक्तात साठून विषबाधा होते. म्हणून घसा दुखला की मेडिकलवाल्याकडून परस्पर अँटिबायोटिक आणायची सवय आता सोडा.

ल्युपसने किडनी धरली असेल तर आयबुप्रोफेन तिला आणखी मारतं. लघवीतली प्रथिनं आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघितलंय ना? स्टेरॉइड 0.2 ते 0.5 मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणजे तिला 11 ते 27. वीस त्यातच बसतात. घोळ होतो तो पुढे. दुखणं थांबलं की लोक गोळी बंद करतात आणि पाणी परत येतं. सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल झाल्यावरच स्टेरॉइड उतरवायला घ्यायचं, तेही 25 ते 15 मिग्रॅच्या टप्प्यात दोन ते चार आठवड्यांनी 2.5 मिग्रॅ, 15 च्या खाली त्याहून सावकाश.

इकोवाला
एक भर. आपल्याकडे हृदयाभोवती पाणी म्हटलं की टीबी आधी बाजूला काढावा लागतो. नुसत्या स्टेरॉइडने तो काही दिवस झाकला जातो. संध्याकाळचा ताप, घटतं वजन, वाढतं पाणी दिसलं तर पुन्हा तपासा. सीआरपी वाढला म्हणून लगेच इन्फेक्शन समजू नका: ल्युपसच्या साध्या भडक्यात तो फारसा हलत नाही, पण आवरणाला सूज आली की चढतो. ट्रोपोनिन ही रक्ततपासणी केली नसेल तर करून घ्या, हृदयाच्या स्नायूलाही सूज आहे का ते कळतं.

मखमलाबादकर
क्रिएटिनिन नॉर्मल, लघवीत प्रथिनं दोन प्लस. आता कळलं आयबुप्रोफेन का टाळलं. गडाचं?

गोदाकाठ
पायऱ्या नकोत. दुखणं, सीआरपी आणि ईसीजी तिन्ही ताळ्यावर येईपर्यंत दमवणारं काही नको. जायचंच तर नंतर, ट्रॉलीने आणि सकाळी लवकर. चैत्राचं ऊन ल्युपसला वेगळं भडकवतं.

इकोवाला
8 मिमी थोडंच आहे, पण किती यापेक्षा किती वेगाने भरतंय ते महत्त्वाचं. धाप, चक्कर, मानेच्या शिरा फुगणं, बीपी उतरणं यातलं काहीही दिसलं तर ओपीडीची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या.