फेल्टच्या दागिन्यांसाठी दख्खनी लोकर चालेल का?

प्रश्न (सांगली):
मी घरी लोकरीचे फेल्ट (न विणता, लोकर घासून घट्ट केलेले जाड कापड) करून ब्रोच, कर्णफुले आणि लहान पर्स तयार करते व इन्स्टाग्रामवरून विकते. आयात केलेली मेरिनो (मेरिनो मेंढीची मऊ, बारीक) लोकर महाग पडते. तिच्याऐवजी दख्खनी (आपल्याकडच्या दख्खनी मेंढ्यांची) लोकर वापरता येईल का, आणि किंमत कशी ठरवावी?

उत्तर (पुणे):
ताई, कोमट पाणी, साबण आणि घासणे यांमुळे तंतूंवरील खवले एकमेकांत अडकतात व त्यातून फेल्ट तयार होते. घोंगडीसाठी वापरली जाणारी दख्खनी लोकर जाडीभरडी आणि केसाळ असल्यामुळे ती सावकाश घट्ट होते व त्वचेला टोचते. म्हणून कर्णफुलांना मेरिनोच ठेवावी, मात्र पर्सच्या बाहेरच्या थराला दख्खनीचा नैसर्गिक काळा रंग फार शोभतो (हे अर्थात माझे मत). आधी 20 सेंटिमीटरचा चौकोन करून तो किती आटतो हे मोजावे, कारण आटण्याचा अंदाज चुकला की पर्स लहान होते आणि लोकरीचा हिशेबही कोलमडतो.

उत्तर (नाशिक):
किमतीत केवळ लोकर धरू नये; घासण्याचे तास, पिना, खोके, टपालखर्च आणि बिघडलेले नगही धरावेत. पावसाळ्यात वस्तू पूर्ण वाळल्याशिवाय पाकीटबंद करू नये.

पुन्हा प्रश्नकर्ती:
आभारी आहे. कसरीपासून (लोकर खाणाऱ्या किडीपासून) बचावासाठी काय करता?

उत्तर (नाशिक):
हवाबंद डबा आणि अधूनमधून ऊन. डांबरगोळ्यांचा वास ग्राहकाला आवडत नाही.