मदत हवी आहे : ऑपरेशनच्या धास्तीने आईची झोप उडाली आहे

मांजराकाठ :
सोमवारी लातूरला आईचे ऑपरेशन आहे. चार रात्री तिचा डोळ्याला डोळा लागलेला नाही, पदराचे टोक बोटाला गुंडाळत ती एकच विचारते, "भूल उतरलीच नाही तर?" या धास्तीचा पुढे बरे होण्यावर परिणाम होतो का? काय करावे, कृपया लवकर सांगावे.

गोदातीर :
ऑपरेशन कशाचे, वय किती, मधुमेह आहे का, यातले काहीच आपण लिहिलेले नाही.

मांजराकाठ :
पित्ताशयात खडे आहेत, दुर्बिणीतून पित्ताशय काढणार आहेत. वय ६२. शुगरच्या गोळ्या चालू आहेत.

बालाघाट :
आमच्या वडिलांच्या हर्नियाच्या वेळी आम्ही 'फक्त तपासणी आहे' असे सांगून त्यांना नेले आणि सगळे सुखरूप पार पडले. आईंना काही सांगूच नका.

गोदातीर :
बालाघाट, हा सल्ला मला मुळीच पटत नाही. मी ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका आहे. १९६४ साली बोस्टनमध्ये पोटाचे ऑपरेशन झालेल्या ९७ रुग्णांवर अभ्यास झाला होता. दुखणे कुठे आणि का होईल, ते कसे सोसावे, हे भूलतज्ज्ञांनी ज्यांना समजावून सांगितले, त्यांना वेदनाशामक निम्मेच लागले आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. धास्तीने कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक वाढते, त्यामुळे साखर चढते आणि जखम भरायला वेळ लागतो, म्हणून आपल्या आईंच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, त्यामुळे नंतर एक-दोन दिवस खांदा दुखू शकतो. हे आधी ठाऊक नसलेल्या बायका हृदयविकाराचा झटका आला असे समजून रात्रभर थरथरत बसलेल्या मी पाहिल्या आहेत. भूलतज्ज्ञांची भेट सोमवारच्या आधीच मागून घ्या.

बालाघाट :
बोस्टनचे रुग्ण वेगळे, आपली माणसे वेगळी. वडील ऐकूनच गळाठले असते.

तेरणाकाठ :
महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

मांजराकाठ :
तेरणाकाठ, पैशांची सोय झाली आहे, प्रश्न आईच्या मनाचा आहे. गोदातीर ताई, आज भूलतज्ज्ञ मॅडमना भेटून आलो. आईने भुलेविषयी विचारलेच नाही, "डोळे उघडतील तेव्हा लेक जवळ असेल का?" एवढेच विचारले. मॅडमनी होकार दिला आणि परतताना एसटीत आई माझ्या खांद्यावर झोपली. सोमवारी सकाळी शुगरची गोळी घ्यायची की नाही, हे मात्र विचारायचे राहिले.

गोदातीर :
ते आजच फोन करून विचारा, अंदाजाने देऊ नका.