मुलगा वाचनालयात जायलाच तयार नाही – मदत हवी आहे

गौरी_क
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या. मुलाला वाचनाची गोडी लागावी म्हणून गावातलं सार्वजनिक वाचनालय लावलं. अनामत भरली, वर्षाची वर्गणी एकदम भरली. सुरुवातीला उड्या मारत आला, आता वाचनालयाचं नाव काढलं की याच्या पोटात दुखतं. आणलेलं पुस्तक दप्तराखाली पडून राहतं आणि मुदत संपली की मीच नेऊन देते. "मुलांसमोर आईवडिलांनी वाचावं" हा सल्ला कृपया देऊ नका, आमच्या घरात जेवतानासुद्धा वाचतात. सुट्टी लागलीये, तेवढ्यात काहीतरी जमवायचंय. ज्यांची मुलं खरोखर वाचनालयात रमली त्यांनीच सांगा, नेमकं काय केलंत?

चहाबाज
वय काय?

मंदार७७
मोबाईल काढून घ्या. आठ दिवस रडेल, नवव्या दिवशी पुस्तक हातात घेईल. आमच्याकडे हेच केलं. बाकी सगळे उपाय वरवरचे.

रानजाई
वय तर हवंच, शिवाय शाळेचं माध्यम कुठलं, पुस्तक कोण निवडतं आणि वाचनालय किती ते किती उघडं असतं हेही सांगा. त्याशिवाय काय सांगणार?

गौरी_क
चौथीत जाईल आता. इंग्रजी माध्यम, पण घरात मराठीच. मोबाईलचा प्रश्न मी विचारलेला नाही, मंदार. त्याच्याकडे मोबाईल नाही.

कोथरूडकर
इंग्रजी माध्यमात घातलंत तिथेच सगळं आलं. आधी मुळावर घाव घालायचा आणि मग फळं का येत नाहीत म्हणून धागा काढायचा.

रानजाई
कोथरूडकर, प्रत्येक धाग्यावर तेच काय हो? मूल मराठी बोलतंय, फक्त देवनागरी वाचायचा वेग कमी असणार. जोडाक्षरं आली की अडखळत असेल. यावर उपाय आहे. प्रथम बुक्सचं स्टोरीवीवर म्हणून संकेतस्थळ आहे, तिथे मराठी गोष्टी चार पातळ्यांवर लावलेल्या आहेत, फुकट उतरवून घेता येतात. चौथीतला असला तरी दुसऱ्या पातळीपासून सुरू करा. चार ओळी आणि मोठं चित्र असलं की मुलं घाबरत नाहीत.

कोथरूडकर
म्हणजे पुन्हा पडदाच. वाचनालयाचं काय झालं?

रानजाई
छापून घ्या की. प्रिंटर असतो लोकांकडे.

जर्सीची_मावशी
आमच्या न्यू जर्सीत दर उन्हाळ्यात लायब्ररीत समर रीडिंग असतं. पुस्तक वाचलं की तक्त्यावर खूण, थोड्या खुणा झाल्या की एखादं छोटं बक्षीस. मुलांच्या मजल्यावर कोणी "शूऽऽ" करत नाही. आणि शेजारी न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने तर 2021 मध्ये उशिराचा दंडच बंद केला. तुमच्याकडे असं सुरू करायला सांगा ना.

चहाबाज
मावशी, आमच्या वाचनालयात पंखा सुरू करायला सांगून वर्ष झालं.

निवृत्त_ग्रंथपाल
गौरीताई, मी एका तालुका वाचनालयात आयुष्य काढलंय, म्हणून एकच प्रश्न विचारतो. बालविभागातली कपाटं उघडी असतात की कुलपात?

गौरी_क
कुलपात. काचेची गोदरेजची कपाटं आहेत, किल्ल्या शिपाईकाकांच्या कमरेला. वही बघून नाव आणि नंबर सांगायचा, मग ते काढून देतात. आणि सगळ्या पुस्तकांना तपकिरी बाइंडिंग, पाठीवर फक्त दाखल क्रमांक. मलासुद्धा आत काय आहे ते कळत नाही. मागे एक पान फाटलेलं निघालं, ते आमच्याकडून फाटलं नव्हतं तरी दंड घेतला. पोरगा समोरच उभा होता. त्यानंतरच हे पोटदुखीचं सुरू झालं. हे मी आधी लिहायला हवं होतं का?

निवृत्त_ग्रंथपाल
लिहिलंत ते बरं झालं, कारण उत्तर त्यातच आहे. नऊ वर्षांच्या मुलाला वहीतल्या यादीवरून पुस्तक मागता येत नाही. त्याला मुखपृष्ठावरचं चित्र बघून, पानं चाळून, तीन नापसंत करून चौथं उचलायचं असतं. आपण त्याच्यापुढे कुलूप ठेवतो, वर बाइंडिंग करून चित्र झाकून टाकतो, आणि मग म्हणतो गोडी लागत नाही. डॉ. रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पुस्तकं वापरासाठी आहेत, हे त्यातलं पहिलंच. त्यांचा दिवस आपण 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन म्हणून हार घालून साजरा करतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कपाटाला कुलूप.

आता काय करायचं ते सांगतो. सगळी कपाटं उघडा म्हणालात तर कोणी ऐकणार नाही. कार्यकारी मंडळाला अर्ज द्या की सुट्टीपुरतं, आठवड्यातून दोन संध्याकाळी, बालविभागातलं एकच कपाट उघडं ठेवा, खाली सतरंजी घाला, आणि दोन पालक तिथे बसतील. नुसतं पालकांनी विनंती केली असं लिहू नका, चार पालकांची नावं आणि सह्या घाला. मुलाची पुस्तकं तुमच्या कार्डावर घेऊ नका. बाल सभासदत्व असतं, ते त्याच्या नावाने घ्या, सही त्यालाच करू द्या.

सचिव_वाचनालय
निवृत्त काकांशी अंशतः सहमत. पण दुसरी बाजूही लिहितो, कारण मी अशाच एका वाचनालयाच्या मंडळावर आहे. आम्ही कपाटं उघडी ठेवून बघितली. सचित्र पुस्तकं आधी जातात, राहिलेल्यांची पानं ब्लेडने कापलेली मिळतात. लेखापरीक्षणात पुस्तकं कमी भरली की जबाब आम्हाला द्यावा लागतो. महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्याखालच्या नियमांनी वाचनालयांचे अ, ब, क, ड वर्ग ठरवले, वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. ड वर्गाला बरीच वर्षं वर्षाचे 30 हजार मिळत होते, मग 60 टक्के वाढ होऊन 48 हजार झाले. त्यात ग्रंथपालाचा पगार, वीज, वर्तमानपत्रं, पुस्तकं सगळं बसवायचं. शिपाईकाकांवर राग काढू नका, त्यांना मिळतं काय हे एकदा विचारा.

कोथरूडकर
तमिळनाडूत 1948 च्या कायद्यापासूनच ग्रंथालय कर आहे. आपल्या कायद्यात तो घातलाच नाही. मग असंच होणार.

मंदार७७
झालं, आता कर लावा. धागा मुलाच्या वाचनाचा आहे.

सचिव_वाचनालय
मुलाच्या वाचनालयाचाही आहे.

निवृत्त_ग्रंथपाल
सचिव, पुस्तकं जातात हे खरं. पण पाच वर्षं कोणी हात न लावलेलं पुस्तक शेल्फवर शाबूत असलं म्हणून ते वाचलं असं मी धरत नाही. आणि बालविभागासाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची वेगळी योजना आहे, त्यातून मुलांच्या कोपऱ्यासाठी साहाय्य मिळतं. प्रस्ताव केलात का कधी?

सचिव_वाचनालय
केला नाही. कागदपत्रं कोण करणार, हा प्रश्न आहे. पण बघतो.

अभ्यासू_विक्रांत
सर, वाचनालयात अभ्यासिका पण असते ना? कंबाइन पूर्वपरीक्षेसाठी रात्री किती वाजेपर्यंत बसू देतात? आमच्याकडे आठला बंद करतात.

मांडवी
आम्ही पणजीचे. पाटोवरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे. संस्था 1832 सालची, म्हणजे जुनी म्हणून अंधारी असावी असं वाटेल, पण तसं नाही. लेकीला तिथे सोडून मी खाली वर्तमानपत्रं वाचत बसते. पहिल्या खेपेला तिने एकही पुस्तक उघडलं नाही, नुसती शेल्फांमधून फिरली. मी काही बोलले नाही. गौरी, तुमच्याकडून सुट्टीत येणं झालं तर त्याला एकदा दाखवाच. उघडी शेल्फं कशी असतात हे बघितलं की स्वतःच मागेल.

मंदार७७
फिरायला गोवा, वाचायला सतरंजी. मूळ मुद्दा शिस्तीचा आहे. रोज अर्धा तास सक्तीने वाचायला लावा. आणि ती कॉमिक्सची चित्रपट्टी वगैरे देऊ नका, त्याची सवय लागली की सलग मजकूर वाचत नाहीत.

रानजाई
उलट अनुभव. माझा मुलगा चित्रपट्ट्यांवरूनच जाडजूड पुस्तकांवर गेला. दोन फुग्यांमधला विनोद कळायला पण वाचावंच लागतं की. आणि सक्तीचं वाचन म्हणजे पुन्हा एक गृहपाठ. वाचून झाल्यावर "काय बोध घेतलास?" हे विचारणं तर ताबडतोब बंद करा. गौरी, तुम्ही विचारता का?

गौरी_क
मी नाही, आजोबा विचारतात. त्यांना कोण सांगणार?

चहाबाज
आजोबांनाच वाचनालयात पाठवा नातवाबरोबर. बोध तिथे मोठ्याने विचारता येत नाही.

गौरी_क
हे हसण्यावारी लिहिलंत, पण वाईट नाही. ते रोज संध्याकाळी तिकडे वर्तमानपत्र वाचायला जातातच.

आज शिपाईकाकांशी बोलून आले. कपाटाचं त्यांच्या हातात नाही म्हणाले, सचिवांना भेटा. पण मुलगा बरोबर होता. त्यांनी आपणहून एक कपाट उघडलं आणि "हात लाव, पण जागेवर ठेव" म्हणाले. पोरगा खालच्या कप्प्यासमोर मांडी घालून बसला. तिथे 'किशोर'चे जुने अंक वर्षावार बांधून ठेवलेत. एका गठ्ठ्यातली कोडी सोडवत बसला. मागच्या कुणीतरी उत्तरं पेनने लिहून ठेवलेली, तर ती चूक आहेत हे मला दाखवायला तीनदा उठून आला. पंचाईत अशी की बांधीव मासिकं घरी देत नाहीत.

निवृत्त_ग्रंथपाल
घरी देत नाहीत ते उत्तमच. तिथेच येऊन बसावं लागेल. आणि अगदीच हवे असतील तर 'किशोर' बालभारतीचं, 1971 पासूनचे जुने अंक त्यांनी संकेतस्थळावर मोफत ठेवलेत. पण ते आत्ताच सांगू नका त्याला.

मंदार७७
कोडी म्हणजे वाचन नव्हे.

रानजाई
मंदार, कोडं न वाचता कसं सोडवायचं ते एकदा शिकवा.

कोथरूडकर
माझ्याकडे मुलांच्या पुस्तकांची दोन खोकी पडून आहेत, सगळी मराठी, मुखपृष्ठांसकट. कुठे द्यायची? वाचनालयं घेत नाहीत म्हणे.

सचिव_वाचनालय
घेतात. फक्त आधी यादी पाठवा, फाटकी आणि जुनी पाठ्यपुस्तकं नकोत. देणगी म्हणून दाखल करतात, पोच मागून घ्या.

गौरी_क
कोथरूडकर, संपर्कातून निरोप टाकते, आमच्याकडे पाठवा. बाइंडिंग करू नका अशी चिठ्ठी मात्र आत घाला. सही करणारे तीन पालक मिळालेत, चौथा शोधतेय. निवृत्त काका, अर्ज अध्यक्षांच्या नावे लिहायचा की सचिवांच्या?

निवृत्त_ग्रंथपाल
अध्यक्षांच्या नावे, प्रत सचिवांना. आवक क्रमांक टाकून घ्या.

अभ्यासू_विक्रांत
अभ्यासिकेचं कोणी सांगेल का?