बेसा-मनीषनगरकडे २५,००० रुपये कुठे द्यावेत? (आईच्या वर्षश्राद्धानिमित्त)

बेसावाली, १६ एप्रिल २०२५
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध आहे. तिच्या पासबुकात २५,००० उरले. "कुठं तरी लाव, पण सोन्यात नको," एवढंच सांगून गेली. माझा जन्म नागपुरात, सीताबर्डीच्या मातृसेवा संघातला. कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ मध्ये ही संस्था काढली, हे आई आम्हाला पाढ्यासारखं ऐकवायची. तिथे थोडे देणारच आहे. बाकीचे आपल्या भागात द्यायचेत. बेसा, घोगली, बेलतरोडी, मनीषनगर, जिथे महिन्यातून दोनदा स्कूटीनं चक्कर मारता येईल असं ठिकाण पाहिजे.

आधी एकदा फसले म्हणून विचारून राहिली आहे. दिवाळीत दोन पोरं अल्बम घेऊन दारात आली. लहान लेकरांचे फोटो, एकाच्या नाकात नळी. मी ३,१०० रोख देऊन मोकळी. पावती गुलाबी, वर गणपती, पण नोंदणी क्रमांकाच्या जागी नुसती रेघ. यजमान अजून चिडवतात, "गणपतीनंच सही केली असंल."

नारळीकाका, १६ एप्रिल
ताई, ३१ वर्षं सीएच्या ऑफिसात ट्रस्टच्या फायली बांधल्या, म्हणून सांगतो. महाराष्ट्रात नोंदलेल्या संस्थेच्या पावतीवर बहुधा दोन क्रमांक असतात. एक १८६० च्या सोसायटी कायद्याचा, 'महाराष्ट्र'नं सुरू होणारा. दुसरा सार्वजनिक विश्वस्त कायद्याचा, 'एफ' अक्षराचा, पुढे कंसात नागपूर. नुसता ट्रस्ट असेल तर 'ई' चालेल. दोन्हीपैकी काहीच नसेल तर चहा पाजा अन् वाटे लावा.

मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट मागा. लाजू नका. खरी संस्था कपाटातून काढून देते, खोटी "साहेब बाहेरगावी गेले" म्हणते.

देणगीवर आयकराची सूट, म्हणजे ८०जी, हवी असेल तर २,००० च्या वर रोख देऊ नका, चेक किंवा यूपीआय करा. नंतर संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र, म्हणजे १०बीई फॉर्म घ्या. अन् तुम्ही नवीन कररचना घेतली असेल तर ही सूट मिळतच नाही, तेव्हा त्यासाठी डोकं खपवू नका.

खसवाली, १७ एप्रिल
काकांचं सगळं खरं, पण कागद चोख असलेल्या जागीसुद्धा पैसा वाया जाऊ शकतो, ताई. मी बारा वर्षांपासून एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात जाते, मंगळवार-शुक्रवार. नाव लिहीत नाही, नाहीतर उद्या सगळे तिथेच धडकाल.

पितृपक्षात एके दिवशी आमच्याकडे पाच घरची खीर आली. पाच! फ्रीजमध्ये जागा नाही, निम्म्या आज्यांना साखरेचा आजार, अन् देणारे दारात हात जोडून उभे की आमच्यासमोर खाऊ घाला, फोटो काढायचा आहे. एका आजीनं तिसरी वाटी घेतली, का तर पाहुण्याला वाईट वाटू नये. रात्री बाथरूमच्या खेपा कोणाच्या? माझ्या. त्यात पाहुण्यांचा वाढदिवसाचा केक वेगळाच.

अन् मे महिन्यात? काळं कुत्रं फिरकत नाही. पारा ४५ वर, कुलरच्या खसच्या (वाळ्याच्या) ताट्या मागच्या वर्षीच्या, पाणी टाकलं की वासाऐवजी माती येते. आम्ही बायका त्या ताट्या गच्चीवर झटकतो, जिथे भोक आहे तिथे जुनं पोतं शिवतो. गेल्या वर्षी आठ कुलरपैकी तीन असेच चालवले. मोठ्यांचे डायपर संपलेले, फिनाईलमध्ये पाणी. भाजीवाला मात्र उधारीवर देतो, बिचारा.

तेव्हा माझं ऐका. तेरवीचं किंवा श्राद्धाचं जेवण नेऊ नका. आधी फोन करून विचारा, "या आठवड्यात काय संपलंय?" अन् २५,००० एकरकमी देण्यापेक्षा दर महिन्याला दोन-अडीच हजारांचं सामान पोहोचवा. तुम्हालाच स्कूटीनं जायचंय ना? मग दर वेळी कळेल, सामान लागतंय की कोपऱ्यात पडून आहे.

पोरांच्या संस्थेत जाणार असाल तर लेकरांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे नाहीत. बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्यात, २०१५ च्या, गुन्हा आहे. तो अल्बम घेऊन आलेल्यांना हे विचारायला पाहिजे होतं.

अंबाझरीचा पोट्टा, १७ एप्रिल
काकूचं हंड्रेड पर्सेंट बरोबर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आमच्या गल्लीत दुपारपर्यंत जुन्या कपड्यांचा ढीग. जरीच्या साड्या, एक सूट टायसकट. अन् आम्हाला पाहिजे काय होतं? फावडी, झाडू, फिनाईल, मोटार दुरुस्त करणारा माणूस. गाळ काढायला एक कॉलेजची गँग आली, सहा जण, जवळ फक्त दोन घमेली. तरी त्यांच्याइतका उपयोग कुणाचाच झाला नाही राजेहो.

बेसावाली, १९ एप्रिल
काल बेलतरोडीकडच्या एका ठिकाणी जाऊन आले. काकांनी सांगितलेले दोन्ही क्रमांक पावतीवर, ऑडिट रिपोर्ट भिंतीवरच टांगलेला. काय संपलंय विचारलं तर तिथली बाई आधी हसली. म्हणाली, "हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच." मग यादी सांगितली: डायपरची दोन पाकिटं, नखं कापायला मोठी नेलकटर, अन् सहा ताट्या.

खसवाली ताई, ताट्या बसवून देणारा तुमचा माणूस इकडे येईल का? माप माझ्याजवळ आहे, पण खस चांगली कोणती ते मला कळत नाही.

खसवाली, १९ एप्रिल
येतो. मेसेज केलाय, बघा. पण रविवारच्या आधी बोलवा, नंतर तो कोणाचा फोन उचलत नाही.