मदत हवी आहे: र्‍हाईनकाठच्या किल्ल्यात सासूसासर्‍यांना घेऊन मुक्काम करावा का?

जावळीची सून

नमस्कार मंडळी. आम्ही फ्रँकफर्टजवळ राहतो. मे महिन्यात सासूसासरे सातार्‍याहून येताहेत. सासर्‍यांनी, म्हणजे बाबांनी, उमेदीची सगळी वर्षं सह्याद्रीत घालवली आहेत. राजगडावर पद्मावतीच्या देवळात काढलेल्या रात्रींच्या गोष्टी लग्नाला दहा वर्षं झाली तरी संपलेल्या नाहीत. व्हिसा हातात पडल्यावर पहिलं वाक्य काय, तर "मला तुमचे मॉल नकोत, एक रात्र किल्ल्यात काढायची."

शोधाशोध केल्यावर बाखराख गावाच्या डोक्यावरचा श्टालेक किल्ला सापडला. आत युगेंडहेरबेर्ग, म्हणजे यूथ हॉस्टेल आहे, त्यामुळे खिशालाही झेपेल. अडचणी तीन. आईंचे गुडघे: चढण जमते, उतार जमत नाही. जेवण: आई पूर्ण शाकाहारी, त्यात गुरुवारचा उपास. आणि तिसरी अडचण स्वतः बाबा. किल्ला १६८९ साली फ्रेंचांनी सुरुंग लावून उडवला होता आणि आजची इमारत विसाव्या शतकात उभी केलेली आहे, हे त्यांनी नातवाकडून वाचून घेतलं. तेव्हापासून "मग तो नकलीच की" चाललंय.

कोणी राहिलंय का तिथे? सहा वर्षांचा मुलगाही बरोबर असेल.

माइनकाठचा

आम्ही दोनदा राहिलोय. आधी गुडघ्यांचं बोलू. गावातल्या पेटर्सकिर्शं या चर्चच्या बाजूने पायर्‍या सुरू होतात आणि पंधरा-वीस मिनिटांत किल्ल्याच्या दाराशी नेतात. आपल्या हिशोबाने ही चढण म्हणजे काहीच नाही. पण पायर्‍या उंचसखल आहेत, पाऊस पडला की दगड निसरडे होतात. वर गाडीरस्ताही जातो. तेव्हा काकूंना दोन्ही वेळा टॅक्सीने न्या, काकांना खुशाल पायर्‍यांनी पाठवा. टॅक्सी आदल्या दिवशी फोन करून ठरवा, गाव एवढंसं आहे.

बॅगा मोठ्या नेऊ नका. फरसबंदीवर चाकांचा जो खडखडाट होतो, अख्खं गाव खिडकीतून बघतं.

आता हॉस्टेल संघटनेचं सदस्यत्व. हॉस्टेलात राहायला ते लागतं. तुमचं कौटुंबिक असलं तरी त्यात सासूसासरे बसत नाहीत. भारतातल्या यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचं आंतरराष्ट्रीय कार्ड इथे चालतं. काका जुने ट्रेकर, त्यांच्याकडे कदाचित असेलच, फक्त मुदत बघा.

कडेलोट

ताई, तारीख आधी नक्की करा, बाकी सगळं नंतर. मे-जूनमध्ये शाळांच्या सहली असतात. आम्ही एकदा अशाच एका दुसर्‍या किल्ल्यात सातवीच्या दोन वर्गांबरोबर राहिलो. रात्री साडेअकराला गोल जिन्यावरून वरखाली पळापळ. मध्ययुगात वेढा पडल्यावर काय वाटत असेल ते कळलं.

खाटा दुमजली असतात. खालची खाट हवी असं बुकिंगच्या वेळीच लिहून टाका, तिथे जाऊन घासाघीस नको. चादरी, अभ्रे मिळतात पण अंथरूण आपलं आपण घालायचं. टॉवेल घरून न्या.

बिंगनची मावशी

जेवणाचं मी सांगते. सकाळची न्याहारी भाड्यातच असते: पाव, चीज, दही, फळं, मुसली. शाकाहारी जेवण मिळतं, पण ते बुकिंग करतानाच सांगावं लागतं. आयत्या वेळी सांगितलंत तर ताटात बटाटा आणि काकडी. (उपासाला तेवढं पुरे, पण मीठ कुठलं म्हणून सासूबाई विचारतील!) संध्याकाळचं जेवण लवकर आटोपतं, सातच्या पुढे कोणी वाट बघत बसत नाही. मी दाण्याची चिक्की आणि मेथीचे ठेपले घेऊन गेले होते. खोलीत किटली लावू नका आणि उदबत्ती तर मुळीच नको, धुराची घंटा वाजली तर सगळा किल्ला अंगणात जमेल. चहाला गरम पाणी मुदपाकखान्यात मागितलं तर देतात.

आवाजाचं कोणी बोललं नाही अजून. र्‍हाईनच्या दोन्ही काठांनी रेल्वे आहे आणि रात्रभर मालगाड्या जातात. दरी अरुंद, त्यामुळे घरघर वरपर्यंत येते. झोप सावध असेल तर कापसाचे बोळे न्या.

कडेलोट

मावशी, ठेपले आमच्यासाठी पण.

बाबांच्या "नकली"वर दोन शब्द. श्टालेक बाराव्या शतकातला. १६८९ च्या स्फोटानंतर सव्वादोनशे वर्षं तिथे भग्न भिंतीच होत्या. १९२५ नंतर जुन्या पायावर आणि उरलेल्या भिंतींना धरून हॉस्टेलसाठीच काम सुरू झालं, मधला बुरूज तर १९६७ ला पुरा झाला. म्हणजे वरचे मजले नवे, हे खरं. पण नदीच्या बाजूचा कठडा धरून उभे राहा, खाली नदी, म्हणजे जुना जकातीचा मार्ग, कसा टप्प्यात येतो ते दिसेल. जागा कोणी नकली करू शकत नाही. शिवाय खंदकात पाणी आहे. डोंगरी किल्ल्याला सहसा खडकात कोरलेला कोरडा खंदक असतो, त्यामुळे बाबांना तो नक्की दाखवा.

अगदीच अस्सल हवा असेल तर ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग. मधल्या र्‍हाईनवरचा कधीच न पडलेला डोंगरी किल्ला तो एकच. तिथे मुक्काम नाही, वाटाड्याबरोबर फेरी असते. पण तो पलीकडच्या काठावर आहे.

माइनकाठचा

आणि "किल्ल्यातलं हॉटेल" दिसलं की नीट वाचा. आम्ही एका ठिकाणी चांगले पैसे मोजले आणि खोली मिळाली मागच्या नव्या इमारतीत, खिडकीतून वाहनतळ. बुकिंगच्या पानावर फोटो मात्र बुरुजाचा.

वाटेत वेर्नर चॅपल लागेल, छप्पर नसलेल्या लाल दगडी कमानी. फोटो सगळेच काढतात. १२८७ साली वेर्नर नावाच्या मुलाच्या खुनाचा खोटा आळ ज्यूंवर घेतला गेला आणि या काठच्या गावांत त्यांची कत्तल झाली, त्या वेर्नरच्या नावाने ते बांधलं होतं. किल्ला उडवला तेव्हा दगड या चॅपलवर कोसळले. मुलगा लहान आहे, किती सांगायचं ते तुम्ही ठरवा.

जावळीची सून

जाऊन आलो! सगळ्यांचे आभार, म्हणून सविस्तर लिहिते.

आई टॅक्सीने, बाबा आणि मुलगा पायर्‍यांनी. टॅक्सी पोचली तेव्हा हे दोघे आधीच दारात, घामाघूम आणि खूश. खालची खाट मिळाली. शाकाहारी जेवण आधी सांगितलं होतं, भाज्या घातलेला पास्ता होता, आईंनी वर शेंगदाण्याची चटणी भुरभुरली. शेजारच्या टेबलावरच्या जर्मन आजीबाईंनी ती चाखून बघितली आणि पाण्याचा अख्खा जग संपवला.

बाबा खंदकाजवळ बराच वेळ होते. मग तटाला हात लावत लावत जुना दगड कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ते नातवाला दाखवत फिरले. चुन्याची दरज बोटाने खरवडून बघितली, मी मागून "बाबा, नका" म्हणेपर्यंत. रात्री दिवसाचे पाहुणे निघून गेल्यावर अंगणात आम्हीच होतो. खाली मालगाडी गेली. त्यांनी डबे मोजले. चौतीस. "एवढी लांबलचक खंडाळ्याला बघितली नाही," म्हणाले. नकली शब्द परत निघाला नाही, मीही काढला नाही.

एक चूक झाली, पुढच्यांसाठी सांगते. निघताना चादरी, अभ्रे काढून खाली नेऊन द्यायचे असतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पाटी होती, वाचली नाही. बाबांनी मग आमच्याच नव्हे, तर दार उघडं दिसलं म्हणून समोरच्या खोलीतल्याही चादरी गोळा करून आणल्या. ते लोक अजून एक रात्र राहणार होते.

आता पुढचा प्रश्न. रिशार्ड शिर्मान नावाच्या शाळामास्तरांनी १९०९ च्या सहलीत पोरांसकट वादळात सापडल्यावर हॉस्टेलची कल्पना काढली आणि पुढे अल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं हॉस्टेल थाटलं, हे बाबांना तिथल्याच एका गृहस्थांनी सांगितलं. आता अल्टेना हवंय. परतीचं विमान १२ जूनला आहे. बसवता येईल का? तिथली चढण कशी आहे?

बिंगनची मावशी

अल्टेनाला गावातून किल्ल्यात जायला लिफ्ट आहे. आईंना टॅक्सी नको.