मदत हवी आहे: सपाट भागात घटना क्षितिज?

मंडळी, प्रकाशाचं एक पातळ गोल कवच केंद्राकडे कोसळतंय आणि त्यातून कृष्णविवर बनतंय असं धरा. आत सपाट मिन्कोव्स्की (गुरुत्वाकर्षण नसलेला) अवकाशकाळ, बाहेर श्वार्झशिल्ड (गोल वस्तुमानाभोवतीचा वक्र). केंद्रातून निघालेले जे किरण कवचाला नेमके श्वार्झशिल्ड त्रिज्येवर (सूर्याएवढ्या वस्तुमानाला साधारण ३ किमी) गाठतात, त्यांचंच घटना क्षितिज (जिच्या आतून प्रकाशही कधी निसटत नाही ती सीमा) बनतं. म्हणजे क्षितिज सुरू होतं ते वक्रता शून्य असलेल्या जागी, कवच पोचण्याआधीच! तिथे काहीही मोजून ते कळणार नाही, कारण त्याची व्याख्याच सगळ्या भविष्यावर बेतलेली. विचित्र आहे, पण इथवर पटतं.

घोडं पुढे अडतं. सपाट भागात या किरणजुडीचं प्रसरण (तिचा छेद पसरण्याचा दर) धन असतं, कवचाबाहेर क्षितिजावर शून्य. रायचौधुरी समीकरणात (प्रसरण कसं बदलतं ते सांगणाऱ्या) कवचाची ऊर्जा डिराक डेल्टा (एकाच बिंदूवर एकवटलेलं फलन) म्हणून घातली, तर प्रसरण एका फटक्यात शून्यावर येतं. ही उडी खरी, की अफाइन प्राचलाच्या (किरणावरचं स्थान मोजणाऱ्या मापाच्या) निवडीमुळे दिसते?

दुसरं, पेनरोझच्या १९६५च्या (कोसळण्यातून एकलता, म्हणजे सिंग्युलॅरिटी, येते असं सांगणाऱ्या) प्रमेयातली बंदिस्त पृष्ठं, म्हणजे ज्यांवरून बाहेर सोडलेला प्रकाशही आकसतच जातो अशी. केंद्राभोवतीचा गोल पूर्णपणे कवचाच्या आत असेल तर तो बंदिस्त नसणार, हे उघड आहे. पण थोडं आत, थोडं बाहेर असं वेडंवाकडं पृष्ठ चालेल का?

‘निर्देशांक बदलून बघ’ एवढंच सांगू नका, एडिंग्टन-फिंकेलस्टाइन निर्देशांकांमध्येच (जे क्षितिजावर बिघडत नाहीत) गणित केलंय. पेनरोझ आकृती (अख्खा अवकाशकाळ छोट्या चित्रात दाखवणारी) काढून दाखवलीत तर फारच उत्तम.