मदत हवी आहे: जन्मभर पायताण घातलेल्या वडिलांना पन्हाळा-पावनखिंडीसाठी कुठले बूट घेऊ?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरची आहे, प्रश्न माझ्यासाठी नाही, आमच्या तात्यांसाठी आहे. यंदा जुलैत आमच्या पेठेतला ग्रुप पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणार आहे आणि तात्यांनी स्वतःहून नाव दिलंय. वय साठीच्या पुढं. जन्म सगळा शेतात गेलेला, ऊस, भात, गुरं, त्यामुळं चालण्याचं काही वाटत नाही त्यांना, डॉक्टरांनाही दाखवून आणलं, बीपी शुगर गुडघे सगळं बघून जावा म्हणाले. तेव्हा चालतील का नाही हा प्रश्नच नाही, पायात काय घालायचं हा आहे.

तात्यांनी आजवर बूट घातलेला नाही. लग्नाकार्यात, बाजारात, शेतात, कुठंही कोल्हापुरी पायताण, तेही चप्पल लाईनीतल्या ठरलेल्या दुकानातलं. त्यामुळं पंजा पुढं एकदम रुंद झालाय, बोटं पंख्यासारखी पसरलेली आणि अंगठा नि शेजारच्या बोटामधी पट्ट्यानं पडलेली चांगली फट. लक्ष्मीपुरीत फिरलो, मग राजारामपुरीत. ८ नंबर लांबीला बरोबर येतो पण करंगळी चेंगरते, ९ मधे पण तेच, १० घातला की पंजा बसतो पण टाच आत वरखाली व्हायला लागते आणि पुढं दोन बोटं मोकळी जागा. दुकानदार म्हणतो घ्या, वापरून वापरून बसतंय. मला नाही पटलं. घरापासून देवळापर्यंत जायचं असतं तर घेतला असता, पण इथं दोन दिवस चालायचंय, ते पण चिखलात.

वाट माहीत असणाऱ्यांना सांगायला नको, राजदिंडीची उतरण, म्हाळुंगे, मग मसाई पठार, पुढं कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी असं करत पांढरपाणी आणि खिंड. पठारावरचा जांभा शेवाळलेला, खाली तांबडी माती, भाताचे बांध, मधे मधे ओढे, आणि वरून पाऊस. पाय कोरडा राहणं शक्यच नाही असं सगळेच सांगतायत.

घरात तीन मतं आहेत. भाऊ म्हणतो पुण्याहून घोट्याच्या वरपर्यंत येणारे वॉटरप्रूफ बूट मागवूया, पैशाकडं बघू नको. चुलतभाऊ म्हणतो तात्यांना बूट सोसायचा नाही, पट्ट्यावाले सँडल घे, पाणी आलं तसं गेलं. आणि शेजारच्या काकांनी त्यांचे ट्रेकिंगचे बूट देऊ केलेत, माळ्यावर बरीच वर्षं डब्यात तसेच आहेत, दिसायला कोरे करकरीत, आणि गंमत म्हणजे तात्यांच्या पायात त्यातल्या त्यात तेच बरे बसतात. तात्या स्वतः म्हणतात मी पायताणावरच येतो. त्याला मात्र आम्ही सगळ्यांनी नाही म्हटलंय, कातडं भिजलं की जड होतंय, तळ घसरतो, अंगठ्याचा पट्टा तुटला की संपलंच.

बजेट सगळं मिळून ५,००० पर्यंत आहे. त्यातलं जास्तीत जास्त पायावर घालायची तयारी आहे, बाकी रेनकोट, सॅक, काठी यात काय घ्यायलाच पाहिजे आणि काय घरातलं चालेल ते पण सांगा. हौस म्हणून विचारत नाही. आम्हा भावंडांना लहानपणी १६६० ची ती आषाढातली रात्र, शिवा काशिद, बाजीप्रभू, सगळं तात्यांनीच सांगितलंय, आणि त्या वाटेनं चालायचं त्यांच्या मनात किती वर्षांपासून होतं ते आम्हाला आत्ता कळलं. टोचणाऱ्या बुटामुळं त्यांना अर्ध्यात जीपमधे बसायला लागू नये एवढंच वाटतंय.

प्रतिसाद १

ताई, पहिल्यांदा ते माळ्यावरचे बूट बाजूला ठेवा. कितीही कोरे दिसू देत. बऱ्याच ट्रेकिंग बुटांच्या तळव्यात वरच्या भागाच्या आणि खालच्या रबराच्या मधे पीयू फोमचा थर असतो, तो हवेतल्या दमटपणानं आतल्या आत कुजतो, आणि न वापरता पडून राहिला की उलट जास्तच. बाहेरून काही कळत नाही. मसाईवर चढेपर्यंत ठीक असतंय आणि मग एकदम अख्खा सोल जबडा उघडून मोकळा होतो. आमच्या ग्रुपमधे एकाचं असंच झालं, खोतवाडीच्या पुढं सुतळीनं बांधून चालत होता बिचारा.

आता वॉटरप्रूफ. बर्फात, थंडीत, हलक्या पावसात ते चांगलेच. पण आपल्याकडच्या पावसाळ्यात ओढ्यात पाय गुडघ्यापर्यंत जातो, पाणी वरून आत शिरतं, आणि जो पडदा बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही तोच आतलं बाहेर पण जाऊ देत नाही. मग दिवसभर पाय पाण्यात. कातडी पांढरी मऊ पडली की फोड यायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा जाळीचा, कमी उंचीचा, हलका बूट घ्या, भिजेल लगेच, पण चालता चालता पाणी निथळून जाईल.

मापाचं सांगतो, हे नीट करा. दुकानात संध्याकाळी जावा, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो तेव्हा. जे मोजे ट्रेकला घालणार तेच घालून. बूट घालून बघायच्या आधी त्याच्या आतला सोल, तो सुटा निघतो, बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि तात्यांना त्यावर उभं करा. पंजा कडेच्या बाहेर सांडत असेल तर तो बूट पायात घालायचाच नाही, दुकानदार काही म्हणू दे. वापरून कापड थोडं सैल होईल पण तळवा रुंद होत नसतो. काही कंपन्या एकाच नंबरात वेगवेगळी रुंदी देतात, २ई आणि ४ई असं लिहिलेलं असतं, त्यातला ४ई जास्त रुंद. दुकानात नसेल तर ऑनलाईन मिळतात, परत करायची सोय बघून घ्या. कागदावर दोन्ही पावलं ठेवून पेन्सिलनं आकार काढा, मोठं पाऊल असेल त्याचं माप धरा, दोन्ही सारखी असतातच असं नाही.

लांबीला अंगठ्याच्या पुढं बोटभर जागा पाहिजे, कारण राजदिंडी उतरताना पाय पुढं सरकतो आणि जागा नसेल तर नखं काळी पडतात. नखं आदल्या दिवशी नाही, चार दिवस आधी कापा.

आणि टाच वरखाली होते म्हणालात ना, ते नाडीनं बरंच आटोक्यात येतं. पंजा जिथं सगळ्यात रुंद आहे तिथल्या भोकांतून नाडी आडवी न नेता सरळ वर न्यायची, तिथं दाब येत नाही. वर घोट्यापाशी जे शेवटचं जादा भोक असतं, जे कुणी वापरत नाही, त्यात नाडीचा छोटा फास करून दुसऱ्या बाजूची नाडी त्यातून ओढायची, टाच मागं पक्की बसते. पण ९ आणि ४ई मिळाला तर १० घेऊ नका.

सोल बघताना नख दाबून बघा. रबर जरा दबलं पाहिजे. प्लास्टिकसारखं टणक लागलं तर ओल्या जांभ्यावर ते थांबणार नाही. खाचा खोल आणि लांब लांब पाहिजेत, जवळ जवळ असतील तर तांबडी माती त्यात भरून बसते आणि सोल सपाट होतो.

प्रतिसाद २

मी सँडलच्या बाजूनं. ज्या माणसानं जन्मभर मोकळ्या पायानं काढलंय त्याला दीड महिन्यात बूट सोसवणं अवघड. टाचेला पट्टा आणि पुढं बोटांवर झाकण असलेले ट्रेकिंग सँडल येतात, उघड्या बोटांचे नको, दगडावर अंगठा ठेचला तर खेळ खलास. खडे आत जातात हे खरंय, पण झटकून पुढं जाता येतंय.

प्रतिसाद ३

शाहूवाडी तालुक्यातला आहे, ही वाट आमच्या रोजच्या जाण्यायेण्यातली. आमच्याकडची माणसं पावसाळ्यात साधे प्लास्टिकचे बूट घालून डोंगर चढतात, पण सवय त्यांना हाय, तुमच्या वडिलांना नाही, म्हणून बघून तसं करू नका. सँडलला माझा विरोध एवढ्यासाठी की आमच्या भातखाचरातला चिखल पाय ओढून घेतो, पट्ट्याच्या खाली बारीक वाळू बसते आणि ती दिवसभर घासते. शिवाय पुढं जंगलाच्या पट्ट्यात जळवा असतात, मोजा वर ओढून पॅन्ट त्यात खोचली तर बराच बचाव होतो, ते सँडलमधे जमत नाही. जळू लागली तर घाबरायचं नाही, ओढायची पण नाही, नखानं कडेनं सरकवत काढायची.

आणखी एक, पायाला चिरा किंवा जखम असेल तर आधी बरी करून घ्या. आठ पंधरा दिवसांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना आवर्जून सांगा की भाताच्या पाण्यातून चाललोय. लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) नाव त्यांच्या लगेच लक्षात येईल.

काठीला पैसे घालू नका. चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची काठी घ्या, कोपर काटकोनात राहील एवढी उंच, खाली रबराची टोपी नको, चिखलात टोक रुतायला पाहिजे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आतला सोल काढून बघायची गोष्ट दुकानात कुणीच सांगितली नव्हती, आज घरातल्या भावाच्या बुटावर करून बघितलं, तात्यांचा पंजा दोन्हीकडून बाहेर. सगळं तिथंच कळलं. माळ्यावरचे बूट काकांना परत दिले आणि कारण पण सांगितलं, त्यांनी सोल वाकवून बघितला तर कडेनं भुगा पडायला लागला.

दोन गोष्टी राहिल्या. अंगठ्याच्या फटीत मोजा गोळा होतो असं तात्या म्हणतात, त्यावर काय करायचं? आणि रेनकोट का पोंचो?

प्रतिसाद १

पाच बोटांचे वेगळे मोजे मिळतात, हातमोज्यासारखे, ते तात्यांसाठी एक नंबर. सुती नको, सिंथेटिक किंवा लोकर मिसळलेले. निघायच्या आधी बोटांच्या मधे आणि टाचेला व्हॅसलीन चोपडा. मुक्कामाला पोचलं की पहिलं काम पाय धुवून पुसून कोरडे करणं, चहा नंतर. कोरड्या मोज्यांचा जोड वेगळ्या पिशवीत ठेवा, तो चालायला वापरायचाच नाही, फक्त रात्री. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले तर सकाळी निदान ठिबकत नाहीत.

पोंचो मसाईवर काही कामाचा नाही. तिथं अडोसा नाही, वारं खालून शिरतंय आणि पोंचो तोंडावर येतो, पाय कुठं पडतोय ते दिसत नाही. टोपीचं आणि पुढं चेन असलेलं जॅकेट बरं. महागातलं नको, चढावर घामानं आतून भिजणारच आहात, त्याचं खरं काम वारा अडवायचं. भिजलेल्या अंगावर पठारावरचं वारं लागलं की जुलैत पण माणूस कुडकुडायला लागतो, वयस्कर माणसाला तर लवकर. म्हणून सॅकमधे एक लोकरी स्वेटर आणि कोरडे कपडे, आणि ते कोरडेच राहिले पाहिजेत. सॅकच्या वरच्या कव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी जातंच. जाड प्लास्टिकची मोठी पिशवी सॅकच्या आत घालून त्यात सगळं भरायचं आणि तोंडाला पीळ मारून बांधायचं. सॅक घरातली चालेल, कमरेला पट्टा आहे का तेवढं बघा, वजन खांद्यावर कमी येतं. पण सामान तुम्ही भावंडांनी वाटून घ्या, तात्यांच्या पाठीवर पाणी, राजगिऱ्याची वडी, बॅटरी आणि जॅकेट एवढंच. पावसात तहान लागत नाही म्हणून माणसं पाणी पीत नाहीत आणि दुपारी पोटऱ्या धरतात, तेवढं लक्ष ठेवा.

बूट आला की पहिले आठ दिवस घरात आणि शेताच्या बांधावर. मग जोतिबाच्या पायऱ्या. जूनचा पाऊस सुरू झाला की मुद्दाम भिजवून चालवा, कोरड्यात बसणारा बूट ओल्यात कुठं घासतो ते तेव्हाच कळतं. तिथं टेप लावायची जागा लक्षात ठेवायची आणि त्या दिवशी निघतानाच लावायची, फोड आल्यावर नाही.

धागाकर्ती

४ई मधला ९ नंबर ऑर्डर केलाय, जाळीचा, परत करायची मुदत आहे. बजेटमधे बसला आणि मोज्यांपुरते पण उरलेत. बूट आला की सोल काढून तात्यांना उभं करते आणि इथं सांगते. चिव्याची काठी तात्या म्हणाले मी स्वतः तोडून आणतो.